मदत हवी आहे: राक्षस नायक, माणूस नायिका आणि मध्ये आलेला करार

कादंबरी लिहितेय. साधारण 40,000 शब्द झालेत आणि गाडी अडलीय. नायक राक्षस, नायिका माणूस, दोघंही प्रौढ. भावाचा जीव वाचवल्याच्या बदल्यात तिने वर्षभर त्याच्याकडे राहायचं, असा करार. तो खोलीत आला की दिव्याची ज्योत त्याच्याकडे झुकते. सुरुवातीला ती दिवा विझवून टाकते, पुढे नुसती बघत बसते. इथपर्यंत जमलंय.

पेच असा की करार असेपर्यंत तिचा होकार खरा वाटतच नाही. हिडिंबा-भीमाच्या कथेत ही अडचण नाही. तिथे मागणी हिडिंबाच घालते आणि मुलगा होईपर्यंतच सोबत, ही अट भीमाची. माझ्याकडे पारडं पूर्ण त्याच्या बाजूला.

करार मध्यावर मोडून पाहिला, तर पुढे ताणच उरला नाही. शेवटी मोडला, तर आधीचं सगळं प्रेम संशयास्पद. त्याला माणूस करूनही पाहिलं. मैत्रीण म्हणाली, "मग हा नुसता चिडका घरमालक झाला की!" खरंय.

तो राक्षसच राहणार, तिला मारायचं नाही, आणि कथन फक्त तिच्या नजरेतून. त्यामुळे 'करार संपलाय हे वाचकाला ठाऊक, तिला नाही' ही युक्ती बाद.

तर करार न मोडता, मध्यावरच तिला खराखुरा नकार देता येईल असा प्रसंग कसा उभा करू? आणि त्या नकाराची किंमत त्याने काय मोजावी?