शिंपी आणि गावचा मेयर, दोन्ही एकदम? अँड्र्यू जॉन्सनबद्दल विचारायचं होतं

टेलरचा_पोर_म्हापसा
नमस्कार मंडळी. बाबांचं म्हापशात टेलरिंगचं दुकान आहे, चाळीस वर्षं झाली. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी मोबाईलवर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची यादी चाळत बसलेलो, तर 17 वा अँड्र्यू जॉन्सन हा मूळचा शिंपी निघाला, आणि राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी टेनेसी राज्यातल्या ग्रीनव्हिल नावाच्या गावचा मेयर! आता आपल्याकडे मेयर म्हटलं की पणजीचा, गाडी, शिपाई, फिती कापणं वगैरे, आम्हा म्हापशेकरांना तर नगराध्यक्षावरच भागवावं लागतं. मग हा माणूस दुकान बंद करून मेयर झाला की दुकानात बसूनच? आणि लोकांनी शिंप्याला मत दिलं कसं, तिकडे वकील-जमीनदार नव्हते काय?

फोंड्याचा_मास्तर
दुकानात बसूनच रे बाबा. पूर्णवेळ नोकरीसारखं ते पदच नव्हतं, छोट्या गावात मेयर आणि अल्डरमन म्हणजे नगरसेवक आपापला धंदा सांभाळूनच कारभार बघायचे.

त्याची गोष्ट नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली नावाच्या शहरापासून सुरू होते, 1808 चा जन्म, तीन वर्षांचा असताना बाप गेला, शाळेचं तोंड एक दिवस बघितलं नाही. आईने त्याला आणि मोठ्या भावाला एका शिंप्याकडे करारावर कामाला ठेवलं, 21 वर्षांचा होईपर्यंत सुटका नाही असा करार. 1824 ला दोघे भाऊ पळाले आणि मालकाने पेपरात जाहिरात दिली, पकडून आणणाऱ्याला 10 डॉलर बक्षीस! पुढे राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या माणसाची पेपरात आलेली ही पहिली बातमी असावी, मला तरी हसू येतं.

1826 ला ग्रीनव्हिलला आला, पुढच्या वर्षी लग्न, तो 18 चा आणि एलायझा 16 ची. लग्न लावणारा जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे गावपातळीवरचा न्यायाधीश, मॉर्डेकाय लिंकन, तो अब्राहम लिंकनच्या वडिलांचा चुलतभाऊ. वाचायला थोडं येत होतं, पण धड लिहायला आणि हिशेब करायला बायकोने शिकवलं. 1829 ला अल्डरमन, 1834 ला मेयर, 1835 ला राज्याच्या विधानसभेत.

आता मत का दिलं ते. त्याचं दुकान हा गावचा अड्डा होता. हात कामात, कान मोकळे. सुई चालू असताना कुणीतरी पेपर नाहीतर भाषणं मोठ्याने वाचून दाखवायचं, त्यासाठी तो पदरचे पैसे द्यायचा म्हणतात. भोवती कारागीर माणसं जमायची आणि वाद घालायची. 1829 ला अशा हातावर पोट असलेल्या लोकांनीच त्याला निवडून आणलं, मोठ्या घराण्यांच्या विरोधात.

सांगे_वरून_सुलभा
मास्तर बरोबर सांगतात पण अर्धंच. गरीब शिंपी वर आला ही गोष्ट ऐकायला गोड आहे, पण हाच माणूस पुढे गुलाम विकत घेऊन होता हे पण लिहा ना. आणि 1834 चं बघा, तो मेयर झाला त्याच वर्षी टेनेसीची नवी राज्यघटना आली, तिने गोऱ्या गरिबांना पुढे आणलं आणि स्वतंत्र काळ्या माणसांना 1796 पासून असलेला मताचा हक्क काढून घेतला, आणि जॉन्सन त्या घटनेच्या बाजूने होता. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1866 च्या नागरी हक्क कायद्यावर व्हेटो मारला, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो उलटवला. कारागिरांचा माणूस हो, पण कुठल्या कारागिरांचा ते विचारा. काळे सुतार, लोहार, शिंपी तिथे होतेच की. 1868 ला महाभियोगात एका मताने वाचला, विरोधात 35, बाजूने 19, काढायला दोन तृतीयांश म्हणजे 36 लागत होती.

फोंड्याचा_मास्तर
सुलभाताई, मान्य. मी मेयरपर्यंतच थांबलो कारण प्रश्न तेवढाच होता, पण तुमचं म्हणणं टाळून चालणार नाही. दुकानात जमायचे ते सगळे गोरे, हे मी लिहायला हवं होतं.

बार्देसकर_77
माझ्या डोक्यात दुसरंच. आमच्या वाड्यावरच्या टेलरकडे एका नगरसेवकाचे दोन सफारी सूट उधारीवर शिवलेले, पाच वर्षं झाली, आता निवडणूक जवळ आली की तो माप द्यायला परत येतो 😂 जॉन्सनला उलट प्रॉब्लेम, स्वतःच शिंपी आणि स्वतःच पुढारी, उधारी मागणार कोणाकडे. म्हणतात की राजकारणात आल्यावरही तो स्वतः शिवलेलेच कपडे घालायचा, आणि सभेत कुणी शिंपी म्हणून हिणवलं तर हो होतो आणि चांगला होतो, माप बरोबर बसायचं आणि काम वेळेवर द्यायचो असं सुनवायचा. वेळेवर!! आपले टेलर ऐकतायत ना?

टेलरचा_पोर_म्हापसा
@बार्देसकर आमच्याकडे वेळेवरच मिळतं हां, चवथीचा आठवडा सोडून.

सगळ्यांचे आभार, सुलभाताईंचे जास्त. अजून एक सापडलं, त्याचं ते लाकडी दुकान आजही ग्रीनव्हिलला आहे, वरून विटांची इमारत बांधून आख्खं दुकान आत ठेवलंय.

संध्याकाळी सगळं बाबांना वाचून दाखवलं, ते मशीनवर टीप मारत होते. 10 डॉलरचं बक्षीस, महाभियोग, व्हेटो, सगळं ऐकलं, काहीच बोलले नाहीत. मग मी सांगितलं की एलायस हाऊ नावाच्या अमेरिकन माणसाचं शिलाई मशीनचं पेटंट 1846 चं, म्हणजे जॉन्सन मेयर होता तेव्हा कोट पूर्ण हातानेच शिवायचे. पायडलवरचा पाय थांबला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आणि काजं? काजं पण हातानेच?"