पंचेंद्रियं तक्त्याशिवाय कशी शिकवायची?

अंगणवाडीताई: माझ्याकडे 3 ते 5 वर्षांची 17 पोरं आहेत, तक्ता बघून सगळी एका सुरात नाकाने वास घेतो, कानाने ऐकतो म्हणून दाखवतात, पण परवा खिचडी शिजत होती तेव्हा विचारलं आत काय शिजतंय, बरोब्बर सांगितलं, मग म्हटलं कळलं कशाने, तर एकानेही नाकाला हात लावला नाही. फार वाईट वाटलं हो. पैसे न घालता हाताने करण्यासारखं काय घेऊ?

निवृत्त_बालवाडीबाई: ताई, तक्ता महिनाभर उतरवूनच ठेवा. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, खडे असं आसपासचंच साहित्य वापरलं. मी एकसारख्या डब्यांच्या जोड्या करायचे, दोनांत तांदूळ, दोनांत चिंचोके, दोनांत वाळू. हलवून हलवून जोडी शोधायची. वाळूचा आवाज बारीक, ती ऐकायला अख्खा वर्ग आपोआप गप्प होतो, ओरडावं लागत नाही! स्पर्शासाठी कापडी पिशवीत नारळाची शेंडी, कापूस, नदीतला गोटा, चिरलेली भेंडी. वस्तूचं नाव नाही आलं तरी चालेल पण खरखरीत, मऊ, गुळगुळीत, बुळबुळीत हे शब्द पोरांच्या तोंडून यायला पाहिजेत.

दोन_पोरांची_आई: डब्यांची झाकणं चिकटपट्टीने पक्की बंद करा प्लीज, या वयाची मुलं बिया नाकात कानात घालतात. चवीसाठी अख्खे शेंगदाणे नकोत, श्वासनलिकेत अडकू शकतात. आणि डोळ्यांवर पट्टी बांधली की काहीजण घाबरतात, नुसते मिटायला सांगा.

विज्ञानवाला_सर: जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा शिकवू नका, तो चुकीचा आहे, सगळ्या चवी जिभेवर जवळपास सगळीकडे कळतात. तिखट तर चवच नाही, जळजळ आहे. त्यापेक्षा पिठीसाखरेत वेलचीपूड घाला, नाक धरून चिमूटभर जिभेवर ठेवायची, नुसतं गोड लागतं, नाक सोडलं की एकदम वेलची येते.

अंगणवाडीताई: सर, आज केलं! नाक सोडल्या सोडल्या एक पोरगी ओरडली, ताई शिरा! मग सगळ्यांनी परत परत नाक धरून बघितलं, आणि जो कधी बोलत नाही तो मुलगा स्वतःहून म्हणाला, नाक धरलं की शिरा जातो. उद्या डब्या करते, झाकणं नीट चिकटवून.