रोग, बार्ड, वॉरलॉक : गेममधल्या पेशांना मराठीत काय म्हणाल?

रात्री जेवणं आटोपली की मी 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम लावतो आणि आई शेजारी मटार किंवा गवार घेऊन बसते. गोष्ट तिला कळते, पात्रांवर तिचा जीवही जडलाय. अडतं ते क्लासपाशी, म्हणजे पात्र कुठल्या कामात तरबेज आहे त्यापाशी. परवा एका पात्राकडे बोट दाखवून "हा कोण?" म्हणाली. मी म्हटलं, "रोग." (इंग्रजीतला rogue, चोरपावलांनी वावरणारा.) तिचे हात थांबले. "काय झालंय त्याला?"

या गेममध्ये असे बारा क्लास आहेत. मला त्यांच्यासाठी घरात बोलता येतील असे शब्द हवे आहेत.

आधी 'क्लास'चंच बघा. मराठीत क्लास म्हणजे शिकवणी आणि वर्ग म्हणजे शाळेची खोली. मी 'पेशा' म्हणतो. एल्फ किंवा ड्वार्फ असणं हा वंश, तो जन्मानं मिळतो. पेशा आपण निवडतो. बारा आहेत म्हणून 'बलुतं' मनात आलं होतं, पण बलुतं बापाकडून मुलाकडे जायचं. इथे सगळी गंमत निवडीतच आहे.

माझा सगळ्यात लाडका पेशा बार्ड, म्हणजे गाण्या-वाजवण्यातून जादू करणारा. त्याला मी बेधडक शाहीर म्हणतो. चालेल का?

प्रतिसाद १

चालेल काय, याहून चांगला शब्द मिळणार नाही. बार्डचं मुख्य काम सोबत्याला स्फुरण देणं. त्यानं चेतवलेल्या गड्याच्या पुढच्या प्रयत्नात सहा बाजूंच्या फाशाची भर पडते. पोवाडा दुसरं काय करतो? डफावर थाप पडली की मागच्या रांगेतला माणूसही ताठ बसतो. शिवाय बार्डकडे नुसत्या टोमण्यानं शत्रूला जखमी करायचा मंत्र आहे. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. 'भाट' मात्र नको. मूळ काम जवळचं असलं तरी आज त्या शब्दाला खुशामतीचा वास येतो.

प्रतिसाद २

माझी अडचण विझार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक या तिघांची. मराठीत तिघंही 'जादूगार' होतात आणि फरकच पुसला जातो. विझार्ड अभ्यास करून शिकतो, सापडलेल्या गुंडाळ्यांतले मंत्र पैसे मोजून आपल्या वहीत उतरवून घेतो. सॉर्सररच्या रक्तातच जादू असते. वॉरलॉक कुणा बलाढ्य शक्तीशी करार करून ती मिळवतो. शक्ती आली कुठून, हे शब्दातच दिसायला हवं.

धागाकर्ता

हे आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. विझार्डला ती लगेच "पोथीवाला मांत्रिक" म्हणाली. सॉर्सररसाठी थोडी थांबली आणि म्हणाली, "म्हणजे पायाळू की!" पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, अशी आपल्याकडची जुनी समजूत. त्यानं काही शिकलेलं नसतं, जन्मतःच ते त्याच्याकडे असतं. मी इतकी वर्षं शब्द शोधत होतो आणि तो माझ्या शेजारी बसून मटार सोलत होता.

वॉरलॉक राहिला. करारावरून 'करारी' म्हणावं, तर मराठीत करारी म्हणजे कणखर, बाणेदार.

प्रतिसाद ३

'अंकित' घ्या. आपल्याकडचा मांत्रिक भुताला अंकित करतो. वॉरलॉकच्या बाबतीत उलट, मांत्रिकच अंकित झालेला असतो. या गेममधला वॉरलॉक विल आठवा. मिझोरा नावाच्या सैतानी बाईशी केलेला करार त्याला पावलोपावली नडतो.

आणखी एक. वॉरलॉक ज्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'वचन मोडणारा'. खेळात वॉरलॉक वचनाला बांधलेला असतो आणि वचन मोडण्याची वेळ येते पॅलाडिनवर, म्हणजे शपथेतून शक्ती मिळवणाऱ्या योद्ध्यावर. पॅलाडिननं शपथ मोडली की त्याची आधीची शक्ती जाते, आणि ती परत हवी असेल तर सोन्याची नाणी भरावी लागतात. याला मराठीत आयता शब्द आहे : प्रायश्चित्त. म्हणून पॅलाडिनला 'व्रतस्थ' म्हणावं. कुणी 'शिलेदार' सुचवेल, पण शिलेदाराची ओळख स्वतःच्या घोड्या-हत्यारावरून होती (बारगिराला घोडा सरकारातून मिळे). शपथेशी तिचा संबंध नाही.

प्रतिसाद ४

रोगला 'भामटा' आणि रेंजरला 'पारधी' हे शब्द मी खेळणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेत. कृपा करून ते रूढ करू नका. हे शब्द म्हणजे खऱ्या माणसांच्या समाजांची नावं आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं असे कितीतरी समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी कुणाच्या पालावर जातात ते मी लहानपणापासून पाहिलंय. वर पेशा आणि वंशातला फरक छान सांगितलाय, तो इथेही पाळू या.

इंग्रजीतही या पेशाचं नाव बदललं आहे. हा गेम ज्याच्या नियमांवर बेतलाय, त्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळाच्या १९७४ च्या मूळ आवृत्तीत तीनच पेशे होते. १९७५ च्या पुरवणीत 'थीफ' आला आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा 'रोग' झाला, कारण चोरी हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. कुलूप काढणं, सापळा ओळखणं, चोरपावलांनी मागे जाऊन वर्मी घाव घालणं, हे सगळं त्यात आलं.

रेंजरला 'वाटाड्या' म्हणा. रान ओळखणारा, माग काढणारा, पुढे चालणारा.

धागाकर्ता

तुमचं म्हणणं मनापासून पटलं. 'भामटा' मीही वापरत होतो, आजपासून बंद.

शाहीर, पोथीवाला, पायाळू, अंकित, व्रतस्थ, वाटाड्या हे घरात सुरू केलेत. ड्रुइड तसाच ठेवतो. तो केल्ट लोकांचा पुरोहित, त्याला ओढूनताणून मराठी करायला नको. रोगला सध्या 'हेर' म्हणतोय, बहिर्जी नाईकांमुळे त्या शब्दाला मान आहे. पण हेर बातमी आणतो, कुलूप काढत नाही. पेटीशी बसून तारेनं खटका चाचपणाऱ्या माणसाला तुमच्या गावाकडे काय म्हणतात?