सेफ क्लस्टरमध्ये एकच रिक्वेस्ट शेवटपर्यंत कशी पकडायची?

तापीकाठचा_ॲडमिन
राम राम मंडळी. जळगावला आमचा छोटा सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेलं स्टोरेज) क्लस्टर आहे, ४ नोड म्हणजे सर्व्हर, १२ ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे प्रोग्राम), रेप्लिका ३ म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, पुढे अपलोड घेणारा दरवाजा म्हणजे आरजीडब्ल्यू. तालुक्याच्या ठिकाणांहून सातबारा, पावत्या असली स्कॅन केलेली कागदं त्यात येऊन पडतात. दुपारी अपलोड मधूनच अडकतात, एखादा ४-५ सेकंद घेतो आणि त्याच्या मागचा लगेच जातो. ॲव्हरेजचा ग्राफ बघावा तर एकदम गुळगुळीत. नेटवर्कवाला म्हणतो डिस्क, मी म्हणतो स्विच, आणि साहेब म्हणतात ऊन फार आहे एसी वाढवा 😅 आरजीडब्ल्यूच्या लॉगमध्ये रिक्वेस्टचा टीएक्सने सुरू होणारा आयडी दिसतो, पण तोच ओएसडीच्या लॉगमध्ये शोधला तर पत्ताच नाही. काय करू?

भरीतभाकरी
भो, पहिले ते ॲव्हरेज बंद कर. हजारात पाच रिक्वेस्ट अडकल्या तर ॲव्हरेजला काय कळणारे.

आयडी का सापडत नाही ते सांगतो. रावेरहून केळीची गाडी निघते तेव्हा एक बिल्टी असते आणि माल कुठं अडकला ते त्याच नंबरवर कळतं. तुझ्याकडे आरजीडब्ल्यूवर एक बिल्टी फाटते आणि ओएसडीच्या दारात दुसरीच. वरून फाइल ४ एमबीच्या वर गेली की तिचे तुकडे होतात, शिवाय बकेट इंडेक्सची (फाइलींच्या यादीची) वेगळी नोंद, आणि प्रत्येक तुकडा आपला क्लायंट नंबर आणि टीआयडी (त्या कामाचा नंबर) घेऊन वेगवेगळ्या ओएसडीकडे जातो. हाताने जोडायचंच असेल तर आरजीडब्ल्यूवर डीबग एमएस (ये-जा करणाऱ्या निरोपांचा लॉग) १ करून पाच मिनिटं लॉग घे, त्यात ओएसडी ऑपच्या ओळीत टीआयडी सापडेल. काम झालं की लगेच परत शून्य कर, मी एकदा विसरलो होतो तर सकाळपर्यंत रूट पार्टिशन फुल्ल.

पण त्याच्या आधी फुकटचं काम कर. प्रत्येक ओएसडीला डम्प हिस्टॉरिक ऑप्स ही कमांड देऊन विचार. तो डिफॉल्टला मागच्या १० मिनिटांतल्या सगळ्यात रेंगाळलेल्या २० ऑप्स (कामं) ठेवतो, कोण कुठल्या टप्प्यावर किती थांबलं ते वेळेसकट. १० मिनिटांनी जुनं गायब होतं, म्हणून क्रॉनमध्ये टाक, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप गोळा होईल. संध्याकाळी निवांत बघू म्हटलं तर हाती काही लागायचं नाही.

धुळ्याचा_डिस्कवाला
हे एवढं कशाला, ओएसडी पर्फ या कमांडने प्रत्येक डिस्कला लागणारा वेळ बघ, जी हळू दिसेल तिची प्रायमरी ॲफिनिटी शून्य कर म्हणजे तिला प्रायमरी (मुख्य प्रत) म्हणून निवडणार नाहीत, विषय संपला.

भरीतभाकरी
नाही संपत दादा. त्याने रीड सुटतील, याचं दुखणं राइटचं आहे. राइट आधी प्रायमरीकडे जातो, तो बाकीच्या दोन रेप्लिकांना पाठवतो, आणि तिघांचं कमिट झाल्याशिवाय क्लायंटला होकार मिळत नाही. हळू डिस्क रेप्लिका म्हणून बसली तरी सगळ्यांना तिच्यासाठी थांबावंच लागतं.

पुण्यात_खान्देशी
जेगर (रिक्वेस्टचा टप्प्याटप्प्याचा माग म्हणजे ट्रेस ठेवणारं टूल) लावायचा विचार असेल तर सॅम्पलिंगकडे, म्हणजे कितीतून एक ट्रेस ठेवायचा त्याकडे, लक्ष दे. गूगलच्या डॅपर या ट्रेसिंग सिस्टिमवरच्या २०१० च्या पेपरमध्ये पहिल्या प्रॉडक्शन व्हर्जनला १०२४ मधून एक ट्रेस घ्यायचे असं आहे. त्यांच्या ट्रॅफिकला ते पुरतं, तुझ्या दिवसाच्या चार अडकलेल्या रिक्वेस्टपैकी त्यात एकही येणार नाही. रिक्वेस्ट संपल्यावर, किती वेळ लागला ते बघून ट्रेस ठेवायचा की नाही ते ठरव. आणि सगळ्या नोडची घड्याळं आधी जुळव, नाहीतर नंतरचा टप्पा आधी झालेला, म्हणजे पोराचा जन्म बापाच्या आधी झालेला दिसतो 😂 सेफचा मॉनिटर घड्याळांतल्या ०.०५ सेकंदाच्या फरकावर ओरडतो, पण ट्रेसमध्ये त्याहून कमी फरकसुद्धा गोंधळ घालतो.

तापीकाठचा_ॲडमिन
तीन दिवसांनी येतोय, माफी. जेगरपर्यंत जायची वेळच आली नाही. क्रॉनने गोळा केलेल्या डम्पमध्ये हळू राइट जवळपास सगळे "वेटिंग फॉर सबऑप्स फ्रॉम" वर, म्हणजे बाकीच्या रेप्लिकांच्या उत्तरासाठी, थांबलेले. दर वेळी ओएसडींची जोडी वेगळी, ७ आणि ९, ७ आणि २, ४ आणि ७... मग ७ च्या स्वतःच्या डम्पमध्ये बघितलं तर तिथंच सेकंदच्या सेकंद जात होते. ही डिस्क दिवाळीत बदललेली. बिल काढून मॉडेल नंबर बघितला तर एसएमआर (एकमेकांवर चढवलेल्या ट्रॅकची डिस्क) निघाली! दुपारी सगळ्या तालुक्यांची कागदं एकदम येतात, तिची कॅशची जागा भरते, आणि मग ती एका ट्रॅकपायी शेजारचे ट्रॅक परत लिहीत बसते. सकाळी लोड नसतो म्हणून शहाण्यासारखी वागते. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) एकही एरर नाही, म्हणून इतके दिवस तिच्यावर संशयच आला नाही. स्विचला उगाच शिव्या दिल्या मी.

आता तिला लगेच आऊट करू का, म्हणजे क्लस्टरमधून बाजूला काढू का?

भरीतभाकरी
दुपारी हात लावू नको, बॅकफिलने (तिच्यावरचा डेटा दुसरीकडे परत भरताना) आहे ते पण अडकेल. रात्री जेवून-बिवून आऊट कर. आणि त्याच खेपेला आणलेल्या दुसऱ्या डिस्क असतील तर त्यांचेही मॉडेल नंबर बघ.

तापीकाठचा_ॲडमिन
अजून एक आहे. ११ नंबर. 🙏