‘अनॉइड’ला मराठीत काय म्हणाल? वैतागलेली की चिडलेली?

वेलांटी : एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करतेय. तिशीतली मुलगी फोनवर वडिलांना म्हणते, ‘आय ॲम नॉट अँग्री, डॅड. आय ॲम जस्ट अनॉइड.’ मी लिहिलं, ‘रागावले नाहीये बाबा, वैतागलेय फक्त.’ संपादकांनी ‘वैतागलेय’ खोडून ‘चिडलेय’ केलं. माझ्या कानाला चिडणं हे रागावण्याच्या वरचं आहे. मूळ वाक्यात मुलगी आवाज खाली आणतेय, आणि ‘चिडलेय’ म्हटलं की तो चढतो. पण वैतागायला दिवस जावे लागतात आणि हिला त्रास आत्ता, ह्या फोनमुळे होतोय. त्यामुळे माझाही शब्द मला पुरता पटलेला नाही. तुम्ही काय लिहाल?

पानगळ : मी संपादकांच्या बाजूने. चिडणं छोटंच असतं. पत्त्याच्या डावात माणूस चिडतो, कुणी चिडवलं की चिडतो आणि पाच मिनिटांत विसरतो. मला खटकतो तो तुमच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग. ‘बाई मला रागावल्या’ म्हणजे बाई मला बोलल्या, त्यांनी मला दटावलं. रागावणं वरून खाली येतं. मुलगी वडिलांवर ‘रागावत’ नाही, तिला त्यांचा राग येतो. इंग्रजी ‘अँग्री’त दटावणं अजिबात नाही. तेव्हा आधी ‘मला तुमचा राग आलेला नाही’ असं करा, मग पुढचा शब्द शोधा.

तळटीप : ‘अनॉय’चं मूळ पाहिलं तर वैताग जवळचा वाटतो. लॅटिनमधल्या ‘इन ओडिओ’पासून, म्हणजे ‘तिटकाऱ्यात असणे’ ह्यापासून, जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. फ्रेंच ‘आँन्वी’, म्हणजे जीव रमेनासा होणं, तोही ह्याच घरातला. आणि वैताग हा ‘वीतराग’वरून आला असावा असं मला कायम वाटत आलंय : ज्याची आसक्ती गेली तो. दोन्हीकडे मन उठणं आहेच.

अर्धविराम : तळटीप, व्युत्पत्तीने अनुवाद होत नसतो. मी हे भोगलंय. एका कथेत नायक ‘लिविड’ झाला होता, मी ‘रागाने लालबुंद’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी समासात लिहून पाठवलं, ‘लिविड म्हणजे निळसर, कोश पाहा.’ कोशात खरंच ते आहे. लॅटिन ‘लिविडुस’ म्हणजे मुका मार लागल्यावर कातडीला येतो तो शिशासारखा रंग. पण आजचा इंग्रजी वाचक ‘लिविड’ वाचताना निळं काही बघत नाही, त्याला संतापलेला माणूस दिसतो. मी ‘काळानिळा’ लिहिलं असतं तर मराठी वाचकाला वाटलं असतं की नायकाचा श्वास कोंडलाय. मी लालबुंदच ठेवलं आणि आजही ठेवेन.

तळटीप : लालबुंदला माझी हरकत नाहीच! ‘राग’ शब्दच मुळात रंगाचा आहे, ‘रंज्’ धातूतला. संस्कृतात त्याचा अर्थ रंग, लाली आणि प्रेमही, म्हणून तर ‘अनुराग’. मराठीने त्यातलं प्रेम सोडलं आणि लाली संतापाला दिली. हिंदीवाल्याला ‘मला तुझा राग येतो’ म्हणून बघा, तो गोंधळतो.

काना-मात्रा : हे सगळं वाचायला छान आहे, पण घरात कानावर काय पडतं? ‘मला इरिटेट होतंय.’ सकाळपासून दहा वेळा. कावणं, त्रासणं, उबगणं, फणफणणं, धुसफुसणं, तणतणणं, इतक्या छटा असताना हा एकच शब्द सगळीकडे फिरवतात. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं.

पानगळ : वाईट वाटून घेऊ नका. ‘इरिटेट’ म्हणणारी तीच मुलं ‘तो माझ्या डोक्यात जातो’ असंही म्हणतात, आणि ते अस्सल मराठी आहे, कुणी शिकवलेलं नाही. एखाद्याचं नुसतं असणं सहन न होणं इतकं नेमकं सांगणारा शब्द तुमच्या यादीत नाही.

काना-मात्रा : ‘कपाळात जातो’ होतंच की आधीपासून.

पानगळ : कपाळात जाणं एका क्षणाचं आहे. डोक्यात माणूस जातो आणि राहतो.

अर्धविराम : शब्द तोच आणि देश बदलला की काय होतं तेही पाहा. ‘मॅड’ म्हणजे अमेरिकेत बहुधा चिडलेला, ब्रिटनमध्ये बहुधा वेडा. ‘पिस्ड’ अमेरिकेत संतापलेला, ब्रिटनमध्ये प्यायलेला. एका ब्रिटिश कथेच्या अनुवादात मेजवानीतून झोकांड्या खात निघालेला गृहस्थ ‘चिडून बाहेर पडला’ असं मी वाचलंय. अख्खा प्रसंग गेला.

तळटीप : ‘टेंपर’चं तर उलटंच झालंय. मूळ अर्थ नीट मिसळलेलं, समतोल. जुन्या युरोपीय वैद्यकात शरीरातल्या चार द्रवांचा तोल म्हणजे टेंपर. तो ‘लूज’ झाला की माणूस भडकतो. पुढे तोलाचा शब्दच रागाला चिकटला. आणि त्या चारांपैकी पिवळं पित्त वाढलं की माणूस ‘कॉलरिक’, म्हणजे तापट. आपलंही पित्तच खवळतं!

काना-मात्रा : मग ‘लूज टेंपर’ला ‘तोल सुटणे’ इतका चोख शब्द असताना ‘टेंपर गेलं’ कशाला?

वेलांटी : सगळ्यांचे आभार. पानगळ, ‘रागावणं वरून खाली येतं’ हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता असं केलंय : ‘राग नाही आलेला बाबा. त्रास होतोय फक्त.’

अर्धविराम : ‘त्रास होतोय’ नको. बाबा विचारतील, काय दुखतंय?

पानगळ : ‘राग नाही आलेला बाबा, चिडचिड होतेय नुसती.’ चिडचिडीला ‘कुणावर’ लागत नाही, वडील सुटतात.

तळटीप : पण मुलीला वडिलांना सोडायचंय का? इंग्रजी वाक्यात ‘विथ यू’ नाहीये हे खरं, तरी ते ऐकू येतं. जाता जाता, ‘रेज’ आणि ‘रेबीज’ दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे आहेत. आपल्याकडे कुत्रंही पिसाळतं आणि माणूसही.

काना-मात्रा : माणूस पिसाळतो ते वेगळं हो. ते ‘पिसं’वरून, वेडावरून. त्यात राग नंतर आला.