दिगलीपूरसाठी चार दिवस पुरणार नाहीत

मुलांना कासवं दाखवायला चार दिवसांत अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) उत्तर टोकाच्या दिगलीपूरला जाऊन परतायचं का, असं एकाने विचारलंय. नका करू. रस्ता सुमारे 300 किमी, त्यात जिरकाटांगच्या नाक्याहून जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ठरलेल्या वेळीच गाड्यांच्या ताफ्याने जावं लागतं, मग मिडल स्ट्रेटची खाडी ओलांडायला गाडी बार्जवर. ताफा चुकला की पुढच्याची वाट बघा. म्हणजे जायला एक अख्खा दिवस, यायला एक. पोहोचल्याची रात्र सोडून तिथे किमान तीन रात्री हव्यात. जारवा क्षेत्रात फोटो काढणं आणि खाऊ देणं हा गुन्हा आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा.

दिगलीपूरजवळच्या कालीपूरच्या किनाऱ्यावर कासवं येण्याचा चांगला काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. वनकर्मचाऱ्यांसोबतच जा. पांढऱ्या उजेडाची विजेरी नको. अंडी घालण्याआधी उजेड दिसला तर मादी तशीच समुद्राकडे वळते. एका रात्री दिसेलच असं नाही, म्हणून तर तीन रात्री.

रॉस आणि स्मिथ या जोडबेटांना जायला दिगलीपूरजवळच्या एरियल बे धक्क्याहून होडी. दोन्ही बेटांमधली वाळूची पट्टी भरतीत बुडते, तेव्हा ओहोटीची वेळ विचारूनच निघा. खाडीच्या तोंडाशी मुलांना पाण्यात सोडू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. रोख पैसे भरपूर ठेवा.