जहाज सुटण्याआधी परततानाची धावपळ : आपापले अनुभव लिहावेत

वेंगुर्ल्याची लेक :
परवा आम्ही दादरचा जिना उतरत असतानाच डेक्कन क्वीन हलली. यजमान शांतपणे म्हणाले, "ही निदान उद्या पुन्हा येईल," आणि मला २०१८ सालचे रोम आठवले. आमचे जहाज चिविताव्हेक्कियाला लागले होते. जाहिरातीत त्याला रोमचे बंदर म्हणतात खरे, पण तिथून रोम सत्तरेक किलोमीटरवर आहे. संध्याकाळी साडेसहाच्या आत परत चढायचे होते आणि मला त्रेवीच्या कारंज्यात नाणे टाकल्याशिवाय निघायचे नव्हते. रोमच्या तेर्मिनी स्टेशनात पोहोचल्यावर कळले की चिविताव्हेक्कियाच्या गाडीचे फलाट पार टोकाला, चांगल्या दहा मिनिटांच्या चालीवर आहेत. त्यात यजमान तिकिटावर शिक्का उमटवणाऱ्या यंत्रापाशी थांबले, कारण शिक्क्याविना दंड होतो, आणि ते यंत्र काही तिकीट घेईना. गाडी डोळ्यांदेखत गेली. पुढच्या गाडीने उतरून बंदराच्या बसपर्यंत धावलो आणि सहा वाजून बावीस मिनिटांनी जहाजात शिरलो, तेव्हा यजमानांच्या हातात ते तिकीट अजून तसेच कोरे होते. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला आहे का?

चार आण्यांचा शहाणा :
कोझुमेल, जून महिना. आमचे जहाज मायामीहून निघाले होते आणि त्यावर घड्याळ मायामीचेच चालत होते. मेक्सिकोचा तो प्रांत मात्र २०१५ पासून बारा महिने एकच वेळ पाळतो, त्यामुळे उन्हाळ्यात तो मायामीच्या एक तास मागे असतो. धक्क्यावर उतरताच सगळ्यांच्या फोनांनी आपणहून वेळ बदलली, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. दीड तास हातात आहे म्हणून मुले पुन्हा पाण्यात उतरली. सासऱ्यांचे चावीचे एचएमटी तेवढे अर्धाच तास दाखवत होते, आणि आम्ही ते बिघडले म्हणून हसत होतो. परतीच्या टॅक्सीत कोणी हसले नाही.

जोशीण :
ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला जहाज कड्याखालीच उभे राहते आणि लहान होड्यांनी ने-आण होते. वरच्या फिरा गावातून खाली यायला केबल कार, गाढवे किंवा साडेपाचशेहून अधिक पायऱ्या असे तीनच मार्ग आहेत. त्या दिवशी बरीच जहाजे आल्यामुळे केबल कारची रांग गल्लीत वळली होती. आई म्हणाली, "जेजुरी चढलेली बाई आहे मी, मला उतरणीचे काय!" पायऱ्या गुळगुळीत आणि त्यावर गाढवांची लीद. शेवटची होडी मिळाली, पण तिच्यातला खलाशी आम्हाला पाहून दोन हात लांब सरकला.

चार आण्यांचा शहाणा :
जोशीणबाई, मातोश्रींना साष्टांग नमस्कार. फक्त लांबूनच.

तारवटी :
मी मूळचा वास्कोचा, आणि माझ्या नोकरीची बरीच वर्षे जहाजाच्या शिडीपाशी प्रवाशांची कार्डे तपासण्यात गेली. कप्तान निर्दय नसतो, पण पायलट (बंदरातली वाट दाखवणारा), टग (जहाज ओढणारी छोटी बोट) आणि दोर सोडणारी माणसे ठरल्या वेळेला बोलावलेली असतात आणि पुढच्या बंदरातली जागाही वेळेनेच मिळते. जहाजानेच काढलेल्या सहलीची बस अडकली तर बहुधा थांबतात. आपले आपण गेलेल्यांची नावे दोन-तीनदा पुकारतात आणि मग त्यांच्या खोलीतली तिजोरी उघडून पासपोर्ट बंदरातल्या एजंटाच्या हवाली करतात. एकदा पासपोर्टांबरोबर औषधांची डबीही खाली पाठवली. झाकणावर मराठीत 'सकाळ', 'रात्र' लिहिलेले होते, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

वेंगुर्ल्याची लेक :
अगबाई! पुढे त्यांचे काय झाले?

तारवटी :
काका-काकू विमानाने तिसऱ्या दिवशी पुढच्या बंदरात येऊन दाखल झाले. काकांनी शिडीवरच मला डबी उघडून दाखवली. मधल्या दिवसांचे सगळे कप्पे रिकामे होते. काकू म्हणाल्या, "गोळ्यांची वेळ मात्र यांनी कधी चुकवली नाही."